हयात की मयत

"नवरा हयात आहे की मयत?"

कारकुनानं हे विचारलं तेव्हा त्याची मान खालीच होती. फॉर्मवर दोन रकाने होते आणि त्याला एकात फुली मारायची होती. शरणम्मा टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती. सकाळी दहापासून उभी राहून पाय भरून आले होते.

"तेच तर मला बी कळंना, सायेब," ती म्हणाली.

आता त्यानं मान वर केली. "म्हणजे काय?"

"बहात्तरच्या दुष्काळात हैदराबादला गेले. पाणी पडलं की येतो म्हणाले. अकरा पावसाळे झाले."

"बाई, घर त्यांच्या नावावर आहे. गिरणीला लाईट पाहिजे तर मालकाची सही लागते. मयत असतील तर दाखला आणा, हयात असतील तर सही आणा."

"आन् दोन्ही न्हाई मिळालं तर?"

कारकुनानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाही," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला.

शरणम्मा उदगीरची. तिच्या घरात कानडी, गल्लीत मराठी आणि बाजारात दखनी, तिन्ही भाषांत तिला भांडता येत होतं आणि गेल्या वर्षभरात त्या तिन्ही तिनं भरपूर वापरल्या होत्या. नवरा गेला तेव्हा पोरगी रुद्राणी चार वर्षांची होती. पोरीला झाडाखाली निजवून शरणम्मानं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं पाऊस पडला, कामं बंद झाली, आणि ती डाळमिलमध्ये निवडणीला लागली. दहा वर्षं डाळीतले खडे वेचले. नवऱ्याच्या मनीऑर्डरी तीन वर्षं आल्या, मग थांबल्या. तिनं रडून घेतलं ते पहिल्याच वर्षी. नंतर तिला रडायला सवड झाली नाही.

औंदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं आपली पिठाची गिरणी मोडीत काढली. जातं चांगलं होतं, पट्टा नवा होता. शरणम्मानं ती घेतली आणि पुढच्या खोलीत आणून बसवली. गिरणी चालायला फक्त वीज पाहिजे होती. आणि तिथंच सगळं अडलं.

त्याला कारण नवा जिल्हाही होता. लातूर जिल्हा झाला तेव्हा उदगीरच्या चौकात पेढे वाटले होते, शरणम्मानंही एक खाल्ला होता. आता त्या पेढ्याची चव तिच्या तोंडात कडू झाली होती. घराचा जुना कागद काढायला ती उस्मानाबादला गेली तर तिथं म्हणाले, तुमचा तालुका आता लातूरला गेला. लातूरला गेली तर म्हणाले, दप्तर अजून उस्मानाबादहून यायचंय. मधल्या मध्ये एसटीत उभी राहून ती दोनदा चक्कर येऊन पडली. शेवटी कागद मिळाला, आणि त्यावर नाव निघालं नवऱ्याचं, माणिकप्पाचं.

"मग जाऊन बघ की, अक्का," गौसिया म्हणाली. "जिता हाय का मेला, नजरंला तरी पडंल."

गौसिया शेजारच्या गल्लीतली. टोपली डोक्यावर घेऊन घरोघर बांगड्या भरायची. तिची मोठी बहीण कमरुन्निसा हैदराबादेत याकूतपुऱ्यात दिली होती. गौसियाला बहिणीकडं जायला निमित्त हवंच होतं. शरणम्मानं पेटी उघडली, शेवटच्या मनीऑर्डरीचं चिटोरं काढलं. त्यावर एका आडत दुकानाचं नाव होतं आणि टपालाचा शिक्का: उस्मानगंज. रुद्राणीला मावशीकडं ठेवून दोघी पहाटेच्या बसनं निघाल्या.

दुपारी गौलीगुड्याला उतरल्या तेव्हा शरणम्माला वाटलं, आपण एखाद्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात शिरलो. स्टँडचं छप्पर आभाळाएवढं, आत बसा घुरघुरत होत्या, आणि पाट्या तेलुगूत. "वाचता येतंय का तुला?" तिनं विचारलं. गौसिया म्हणाली, "वाचायचं कशाला? तोंड हाय की."

तोंड होतं खरं. उस्मानगंज जवळच होता, पण गौसियानं सात जणांना विचारलं आणि सातही जणांनी वेगळी वाट सांगितली. शेवटी मिरच्यांच्या खाटानं दोघी शिंकायला लागल्या तेव्हा कळलं, आपण आडत बाजारात आलो. इथं सगळं पोत्यात होतं. चिंच, मिरची, तूर, गूळ. माणसंही पोत्यांसारखीच एकावर एक. चिटोऱ्यावरच्या दुकानाचा मुनीम पान चघळत बसला होता.

"माणिकप्पा? हौ हौ, परसों तक इधरीच था," तो म्हणाला. "बेगम बजार में देखो, बर्तनवाले के पास."

परवापर्यंत इथंच होते म्हणजे जिवंत आहेत! शरणम्मानं गौसियाला हात धरून ओढलंच. बेगम बाजारात भांडी दुकानाच्या दारापासून छपरापर्यंत लटकलेली. घागरी, पराती, तपेली, आणि कुणीतरी सतत कशावर तरी ठोकत होतं. शरणम्मानं जे विचारलं ते दुकानदाराला ऐकू गेलं नाही, आणि तो जे बोलला ते तिला. तीन वेळा ओरडल्यावर त्यानं सांगितलं, "वो तो परसोंच गया, अम्मा. पत्थरगट्टी में, कपडेवाले के पास."

"परवाच! बघ, हुकलं!" शरणम्मा पळतच सुटली.

पत्थरगट्टीला जायला नदी ओलांडावी लागते. नया पुलावर गौसिया थांबली. "ही मुसी नदी, अक्का."

शरणम्मानं वाकून पाहिलं. खाली कपडे वाळत घातले होते, म्हशी बसल्या होत्या, मधून एक काळी रेघ चालली होती. "नदी म्हणायला निदान ओलं तरी पायजे," ती म्हणाली. "आमच्याकडं असल्या नद्या ढीगभर हायत. त्यासाठी इतक्या लांब यायचं?"

पत्थरगट्टीत दगडी कमानींखाली कापडाची दुकानं होती. गाद्यांवर बसलेली माणसं उठायचीही नाहीत, बसल्या जागेवरून गाठोडं भिरकावायची आणि ते बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर उलगडायचं. तिथं एका म्हाताऱ्या दुकानदारानं बराच विचार केला. "उदगीर का? लिंगायत? गठ्ठे उठाता था. हाथ में दर्द हो गया उसके. सिकंदराबाद गया बोले. रानीगंज."

"कधी?"

"परसों."

शरणम्मानं कपाळावर हात मारला. एकच माणूस परवा उस्मानगंजात होता, परवा बेगम बाजारात होता, आणि परवाच सिकंदराबादला गेला होता! "ह्यो माणूस हाय का वावटळ?"

त्या दिवशी सिकंदराबाद होणं शक्य नव्हतं. आणि गौसिया आता हाताबाहेर गेली होती. चारमिनार समोर दिसत होता. "एवढं आलोय तर..." म्हणत तिनं शरणम्माला चारमिनाराखालून नेलं आणि लाड बाजारात घातलं. तिथं बांगड्याच बांगड्या. लाखेच्या, काचेच्या, खड्यांच्या. गौसियाच्या जन्माचं सार्थक झालं. एकेक डझन उन्हात धरून बघायला लागली. शरणम्मा तासभर एका पायरीवर बसून राहिली. अकरा वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, आणि समोरचा दुकानदार तिला सारखा विचारत होता, "सुहाग का जोडा दिखाऊं, अम्मा?" शेवटी ती कडाडली, "आधी सुहाग तर दिसू दे!"

संध्याकाळी याकूतपुऱ्यात कमरुन्निसाच्या घरी चहा पिताना तिनं सगळं सांगितलं. कमरुन्निसा हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"अगं, इथं परसों म्हणजे परवा न्हाई! हैदराबादेत परसों म्हणजे कवाबी. मागल्या जुम्म्याला बी परसों, अन् निजाम होता तवा बी परसोंच."

शरणम्मानं बशी खाली ठेवली. दिवसभर ती परवाच्या मागं पळत होती. "ह्या गावाला एक धड गाव म्हणू नये," ती म्हणाली. "दहा गावं एकाला एक शिवल्यात, आन् शिवणाऱ्याला ठिगळं कुठून आणली ते ठाऊक न्हाई. इकडं पोती, तिकडं तपेली, पलीकडं बांगड्या. आन् ह्यांना काल कुठला, परवा कुठला, तेवढं बी सांगता येईना!"

दुसऱ्या दिवशी दोन मजली बसनं सिकंदराबाद. गौसिया हट्टानं वरच्या मजल्यावर चढली. हुसेन सागराच्या बांधावरून बस निघाली आणि शरणम्मा खिडकीकडं सरकली. एवढं पाणी. डोळ्याला पार लागेना असं, आणि कुणी भरून घ्यायला घागर घेऊन उभं नाही. त्यावरून नुसता वारा सुटला होता. तिला आठवलं, बहात्तरच्या उन्हाळ्यात ती रात्री दोन कोस चालून अर्धी घागर आणायची आणि माणिकप्पा ती पोरीच्या तोंडाला लावायचा, स्वतः प्यायचा नाही. वाईट माणूस नव्हता तो. ते आठवून तिला जास्तच राग आला. वाईट असता तर सोपं झालं असतं.

सिकंदराबादचं सगळंच निराळं. रुंद रस्ते, गोऱ्या साहेबांच्या वेळच्या इमारती, आणि दखनी बोललं की माणसं तेलुगूत किंवा इंग्रजीत उत्तर देणार. राणीगंजात लोखंडाची, यंत्रांच्या सुट्या भागांची दुकानं. एका दुकानात तिनं पिठाच्या गिरणीचा पट्टा टांगलेला पाहिला आणि नवऱ्याऐवजी त्याचाच भाव विचारून बसली. दुकानदार भला होता, त्यानं तिचं येण्याचं कारण ऐकून घेतलं. "तुमचं माणूस मराठी का?" त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं. "मराठी लोग सब काचीगुडा में. वहां पूछो."

"पुन्हा मागं?"

"पुन्हा मागं, अम्मा."

काचीगुड्यात उतरल्यावर पहिल्यांदा मराठी पाटी दिसली आणि शरणम्माला भरून आलं. पाटीखालचा दुकानदार बोलायला लागला तेव्हा ते भरून आलेलं ओसरलं. "आपण कोठून आलात? आपणांस कोण हवे आहेत?" असली मराठी तिनं फक्त कचेरीच्या कागदावर वाचली होती. पण त्या दुकानदारानंच नेमकं सांगितलं. मागच्या बोळात लिंगायतांचा एक लहान मठ आहे, तिथं उदगीरकडचे एक गृहस्थ देवाचं पाणी भरतात.

शरणम्मानं मठाच्या दारात चपला काढल्या. आत चुलीपाशी एक जाडजूड म्हातारा मोठ्या पळीनं काहीतरी ढवळत होता. गुरुबसप्पा त्याचं नाव, मठाचा स्वयंपाकी. शरणम्मानं कानडीत विचारलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"माणिकप्पा? हाय की. पाणी आणाया गेलाय, येईल आता. तुमी कोण?"

"मी बायको त्यांची."

पळी थांबली. गुरुबसप्पानं तिच्याकडं पाहिलं, मग गौसियाकडं, मग परत तिच्याकडं. "असं कसं? त्याची बायको तर बहात्तरच्या दुष्काळात गेली. दर साल तिच्या नावानं जंगम जेवू घालतो बिचारा."

मठात कुठंतरी घंटा वाजत होती. गौसियानं तोंडाला पदर लावला. शरणम्मा खांबाला टेकून उभी राहिली. दोन दिवस ती विचारत हिंडत होती, माझा नवरा जिता आहे की मेला, आणि इथं मेलेली तीच निघाली.

"जेवायला काय करता?" तिनं विचारलं.

"आं?"

"माझ्या नावानं जेवण घालता न्हवं? काय करता?"

गुरुबसप्पा चाचरला. "हुग्गी. गव्हाची, गूळ-तूप घालून."

"जिती होते तवा मी सुकडी खाल्ली," शरणम्मा म्हणाली. "मेल्यावर हुग्गी! दर साल!"

आणि तेवढ्यात माणिकप्पा आला. खांद्यावर पितळेची घागर, केस पांढरे, उजवा हात जरा आखडलेला. त्यानं घागर खाली ठेवली. ठेवताना थोडं पाणी सांडलं.

"शरणे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पाऊसपाणी कसं हाय तिकडं?"

"पाऊसपाणी?" शरणम्माचा आवाज इतका चढला की पलीकडच्या खोलीतून दोन साधू डोकावले. "अकरा पावसाळ्यांचा हिशोब देऊ का एकेकाचा? मी मेले कवा ते तरी सांगा! कोण सालात? कोण्या महिन्यात?"

माणिकप्पा खाली बसला. सांगायला लागला तेव्हा आवाज बारीक होता. गठ्ठे उचलून हाताला दुखणं जडलं. काम सुटलं. तो मठाच्या दारात आला तेव्हा त्या वेळच्या स्वामींनी विचारलं, घरी बायको-लेकरं टाकून आलास काय? तसल्याला इथं थारा नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं, बायको दुष्काळात गेली. "एकदा खोटं बोललो. मग रोज त्यालाच पाणी घालावं लागलं. मोकळ्या हातानं घरी कसं येणार?"

"हात मोकळा होता तर एक कार्ड तरी टाकायचं होतं."

त्यानं विचारलं, "रुद्राणी?"

"दहावीला हाय."

तो रडायला लागला. शरणम्मा रडली नाही. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. गुरुबसप्पानं दोन ताटं वाढली. त्या दिवशी हुग्गी नव्हती, साधा भात आणि पातळ सारू होता, पण दोघी उपाशी होत्या, जेवल्या.

दुपारी कोर्टाबाहेरच्या टंकलेखकापाशी बसून स्टँपवर लिहून घेतलं की वीज घ्यायला घरमालकाची हरकत नाही. माणिकप्पानं आखडलेल्या हातानं सही केली. गौलीगुड्यापर्यंत तो पोचवायला आला, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. शरणम्मानं पिशवी मांडीवर धरली आणि सरळ समोर पाहत बसली.

आठ दिवसांनी उदगीरच्या कारकुनानं तो कागद हातात घेतला, उलटला, आणि परत दिला.

"हा स्टँप आंध्राचा आहे, बाई. इथं चालत नाही."

टेबलावरचा पेपरवेट शरणम्मानं उचलला, हातात तोलून पाहिला आणि जागेवर ठेवला. कारकून खुर्ची मागं सरकवून बसला. ती बाहेर आली, पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि रुद्राणीकडून लिहवून घेतलं: "तुम्ही मेला नाहीत हे इथं येऊन सांगा. कागदावर भागत नाही."

माणिकप्पा आला. अकरा वर्षांनी स्वतःच्या गल्लीत शिरताना मान खाली घालून आला. कचेरीत कारकुनानं त्याला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "हयात ना?"

"सध्या तरी," शरणम्मा म्हणाली. "लवकर लिवून घ्या."

विजेची सही झाली तशी तिनं त्याला शेजारच्या नोंदणी कचेरीत नेलं आणि पिशवीतून दुसरा कागद काढला. घर तिच्या नावावर करायचा. माणिकप्पानं वाचला, एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि मुकाट सही केली. नव्या जिल्ह्याच्या शिक्क्याची शाई वाळायला वेळ लागला. तिथला कारकून फुंकर मारत बसला.

तो पंधरा दिवस राहिला. पहिल्या दिवशी रुद्राणी त्याच्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी तिनं त्याच्याकडून गणितं सोडवून घेतली. गल्लीतल्या बायका पाणी मागायच्या निमित्तानं येऊन त्याला बघून जायच्या. तो ओट्यावर बसून शरणम्माला सल्ले द्यायचा. जातं असं बसवायला पायजे होतं, पट्टा जरा सैल हाय, दार उलट्या बाजूला पायजे. अकरा वर्षं जिनं एकटीनं सगळं रेटलं तिला ते ऐकून ऐकून वीट आला. एक दिवस तिनं टाकी-हातोडी त्याच्या पुढ्यात टाकली. "सांगू नका, करा." आखडलेल्या हातानं त्यानं दोन दिवस जात्याच्या दगडाला टाकी लावली. काम चांगलं केलं, हे तिलाही मानावं लागलं.

मग म्हणाला, मठात देवाच्या पाण्याचा खोळंबा होत असेल. तिनं अडवलं नाही. मठात काय सांगाल, एवढंच विचारलं.

"खरं सांगतो आता."

"न्हाई ठेवून घेतलं तर?"

"तर बघू," तो म्हणाला. त्यांनी ठेवून घेतलं. गुरुबसप्पानं मध्ये शब्द टाकला असं पुढं कळलं. त्यानंतर माणिकप्पा दर बसव जयंतीला यायचा, चार दिवस राहायचा, जात्याला टाकी लावायचा आणि जायचा. त्याला माफ केलं का, असं शरणम्माला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही. जेवायला वाढायची, भांडायची, बसमध्ये बसवून द्यायची.

वीज यायला पुढं सहा महिने लागले. कधी खांब नव्हता, कधी तार नव्हती, कधी माणूस रजेवर. ती रोज कचेरीत जाऊन बाकावर बसायची आणि निवडायला आणलेली डाळ तिथंच निवडायची. शेवटी साहेबच वैतागले. एका सकाळी लाईनमन आला, खांबावर चढला, आणि खाली उतरून म्हणाला, "बटन दाबा."

पट्टा थरथरला, जातं गरगरलं, आणि पुढच्या खोलीत पांढरा धुरळा उडाला. दारात डबे घेऊन बायका उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं गौसिया, डोक्यावर ज्वारीचं टोपलं आणि बगलेत तांदळाची पिशवी.

"अक्का, आधी माझं तांदूळ दळ. बारीक दळ. मग ज्वारी."

"तांदूळ आधी दळला की ज्वारीत मिसळतो, कितीदा सांगू तुला?" शरणम्मा खेकसली. तिच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. "रांगेत उभी राहा. आन् टोपलं खाली ठेव, कुणाच्या डोक्यात घालशील."

गौसियानं टोपलं खाली ठेवलं. शरणम्मानं ज्वारी जात्याच्या तोंडात ओतली आणि खाली हात धरून पहिलं गरम पीठ बोटांनी चोळून पाहिलं.

"जाड पडतंय," ती म्हणाली आणि दगड आवळायला वाकली.